मागच्या रांगेचा हक्क

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या व्यवसायाला उसंत नसते. हा अंक हाती पडेल तेव्हा बहुतेकांच्या तारखा भरलेल्या असतील. म्हणून हंगामाच्या तोंडावरच एक आग्रह धरतो: स्टेजवरच्या घरच्या ग्रुप फोटोकडे कँडिडइतकंच, किंबहुना काकणभर जास्त लक्ष द्या.

मागचं सगळं धूसर म्हणजे फोटो चांगला, असं समीकरण अलीकडे रूढ झालं आहे. नवरीच्या एकटीच्या फोटोला एफ २ शोभतंही. पण तेच सेटिंग ठेवून आपण आठ माणसांसमोर उभे राहतो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतो आणि सोफ्यामागे उभी असलेली आजी शार्प आलेली नाही हे आल्बम छापून आल्यावर कळतं. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की भिंतीवर लावायला फोटो शोधला जातो. आयुष्यात कधी स्टुडिओची पायरी न चढलेल्या आजीचा चेहरा तेव्हा कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून कापून मोठा करावा लागतो. त्या दिवशी पदरात काय पडणार, हे आपण आज निवडलेल्या अॅपर्चरवर ठरतं.

हिशेब करून पाहू. चौघे बसलेले, चौघे मागे उभे. फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिमी लेन्स, फ्रेमची रुंदी ३ मीटर. म्हणजे आपण साधारण ४.२ मीटरवर असतो. २४ मेगापिक्सेलच्या फाइलची रुंदी ६००० पिक्सेल. त्यात १५ सेंमी रुंदीच्या चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम ३०० पिक्सेल येतात. डेप्थ ऑफ फील्डचे नेहमीचे तक्ते या अंतरावर एफ २ ला सुमारे ८५ सेंमी खोली दाखवतात आणि दोन रांगांना ती पुरेशी वाटते. मात्र ते तक्ते अख्खी फ्रेम बेताच्या आकारात पाहण्यासाठी केलेले आहेत. त्यातला एक चेहरा तिप्पट मोठा करायचा, तर निकषही तिप्पट कडक लावायला हवा. तसा लावला की एफ २ ला उरतात अवघे २८ सेंमी, एफ ५.६ ला ८० आणि एफ ८ ला ११५. ऑटोफोकस बहुधा पुढच्या रांगेतला डोळा पकडतो. त्याच्या मागे एफ ५.६ ला ४४ सेंमी हाती राहतात, एफ ८ ला ६५. सोफ्यावरच्या आणि सोफ्यामागच्या चेहऱ्यांत सहज ६० सेंमी अंतर असतं. तेव्हा एक रांग असेल तर एफ ५.६ चालेल, दोन रांगांना एफ ८ हवं. मागच्यांना सोफ्यावर हात टेकून किंचित पुढे झुकायला सांगितलं की आणखी थोडं अंतर कमी होतं.

एफ २ वरून एफ ८ वर जाणं म्हणजे चार स्टॉप, सोळापट प्रकाश. व्हिडिओवाल्याच्या एलईडीवर विसंबून तो मिळणार नाही. आयएसओ ८००, शटर १/१२५ आणि उरलेलं काम फ्लॅशचं, अशी वाटणी ठेवा. बाउन्सची भिस्त पांढऱ्या, बेताच्या उंचीच्या छतावरच ठेवावी. वर लाल-केशरी कापड असेल तर तोच रंग सगळ्यांच्या चेहऱ्यांवर उतरतो. अशा मंडपात स्टँडवर छत्री लावलेली बरी.

छत्री कुठे लावता यावर पुष्कळ अवलंबून आहे. ती ग्रुपच्या एका टोकाशी आणली, तर जवळचा माणूस २ मीटरवर येतो आणि पलीकडच्या टोकाचा ४ मीटरवर. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. मुलीकडचे उजळ आणि मुलाकडचे काळवंडलेले, असा फोटो मग दोन्ही घरांना खटकतो. तीच छत्री मागे, कॅमेऱ्याच्या शेजारी घ्या. अंतरं ४ आणि ४.५ मीटर झाली की फरक एक तृतीयांश स्टॉपवर येतो. छत्रीचा रोख लांबच्या टोकाकडे वळवला तर तोही बराच भरून निघतो. उंची अडीच मीटरच्या आसपास ठेवली की चष्म्यातली चमक खाली निघून जाते आणि पुढच्यांची सावली मागच्यांच्या तोंडावर पडत नाही. असा सारखा प्रकाश पडला की सावळा चेहराही आपल्या रंगात देखणा दिसतो. त्याला सॉफ्टवेअरमध्ये गोरं करण्याची गरज उरत नाही, आणि तसं करूही नये.

राहिला प्रश्न मिटलेल्या डोळ्यांचा. त्याचं गणित मांडल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना २००६ चा इग नोबेल मिळाला. त्यांचा ठोकताळा सोपा आहे: वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या प्रकाशात संख्येला तीनने भागा, कमी प्रकाशात दोनने, आणि तितके फोटो काढा. आठ जणांसाठी तीन-चार फ्रेम पुरतात, आणि त्यांना अर्धा मिनिटही लागत नाही.

खरी अडचण वेळेची असते, हे आम्ही जाणतो. आहेर घेऊन रांग उभी असते, जेवणाची पंगत खोळंबलेली असते आणि कुणीतरी खालून ‘आटपा’ म्हणत असतं. म्हणूनच बुकिंग घेतानाच घरच्या ग्रुपसाठी रिसेप्शनच्या आधीची पंधरा मिनिटं मागून घ्या. कोणी कोणाबरोबर उभं राहायचं याची यादी यजमानांकडून आदल्या दिवशी मागवा. फाइल लॅबला पाठवण्याआधी ती १०० टक्क्यांवर उघडून मागच्या रांगेच्या दोन टोकांचे चेहरे तपासा. ते शार्प असतील, त्यांच्यावर पुरेसा उजेड असेल, तरच तो फोटो आल्बममध्ये जाऊ द्या.