बॅकअप आहे, पण उघडतो का?

‘बॅकअप ठेवा’ हा उपदेश आता कुणाला नवा नाही. डीटीपीच्या दुकानात, फोटो स्टुडिओत, सीएच्या ऑफिसात, कुठेही विचारा, ‘आहे की आमच्याकडे’ असंच उत्तर येतं. माझा आक्षेप या उत्तरावरच आहे. जी प्रत एकदाही दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिलेली नाही, तिला बॅकअप म्हणू नये. तो ठेवणाऱ्याचा निव्वळ समज असतो आणि हार्ड डिस्क उडते त्या दिवशी समजाच्या आधारे एकही फाइल परत मिळत नाही.

या समजाला आधार देणारे युक्तिवाद ठरलेले आहेत. पहिला असा, की डिस्क जाण्याआधी सूचना देते: आवाज करते, मशीन संथ होतं, ‘स्मार्ट’ नावाची डिस्कमधली स्वयंतपासणी इशारा देते. काही डिस्क अशा जातात, हे मान्य. पण गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये, तापमानाची नोंद वगळता, ‘स्मार्ट’च्या कुठल्याच मोजमापात आधी काहीही दिसलं नव्हतं. आणि टकटक ऐकू येते तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगणारं हेड तबकडीला घासलं, तर त्या जागेवरची माहिती खरवडून निघते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून ती जाणार नाही, असंही म्हटलं जातं. तिचा कंट्रोलर गेला की मशीनला डिस्क दिसेनाशीच होते, तीही आवाज न करता.

दुसरा युक्तिवाद: ‘आमचं सगळं क्लाऊडवर आहे.’ क्लाऊड उपयोगी आहे, पण निव्वळ सिंकला बॅकअप म्हणता येत नाही. इथे फाइल डिलीट झाली की तिथेही होते. इथे करप्ट झाली की तीच करप्ट फाइल तिथे चढते. जुन्या आवृत्त्या काही सेवा ठेवतात, पण ठरावीक मुदतीपुरत्याच. शिवाय क्लाऊडही शेवटी कुठल्या तरी इमारतीतच असतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली. तिथली ‘जी-ड्राइव्ह’ ही साठवण जळाली आणि सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती गेली. कामाच्या फाइली ऑफिसातल्या संगणकावर न ठेवता जी-ड्राइव्हवरच ठेवा, अशी त्यांना सूचना होती. क्षमता फार मोठी असल्याने बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. एवढ्या प्रगत देशाच्या सरकारलाही एका जागेवर विसंबणं भोवलं.

तिसरा युक्तिवाद सर्वांत जबर, कारण तो जाणकारांचा आहे: ‘आमचा बॅकअप रोज रात्री आपोआप होतो.’ याचं उत्तर गिटलॅब या कंपनीच्या अनुभवात आहे. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम तिच्याकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याने डेटाबेसचं एक फोल्डर पुसायला घेतलं. आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत, अशी त्याची समजूत होती. तो मुख्य सर्व्हर होता. चूक क्षणार्धात लक्षात आली, तरी सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधणं सुरू झालं. रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारं साधन ९.२ चं. बॅकअप फसल्याची ईमेल जावी अशी सोय होती. त्या ईमेल पोचण्याआधीच नाकारल्या जात होत्या. क्लाऊड कंपनीची डिस्क-स्नॅपशॉटची (डिस्कची त्या क्षणाची प्रत घेण्याची) सोय डेटाबेसच्या सर्व्हरांना लावलेलीच नव्हती. अखेर त्याच अभियंत्याने साधारण सहा तास आधी वेगळ्याच चाचणीसाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला. त्या सहा तासांतल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने हे सगळं जाहीरपणे, तपशीलवार मांडलं, हा तिचा मोठेपणा. इथे माणसं हुशार होती, यंत्रणाही होत्या. त्या यंत्रणांतून माहिती परत येते का, हे नियमाने पाहण्याची जबाबदारी मात्र कुणाकडेच नव्हती.

‘वेळ आली तर रिकव्हरीवाले काढून देतील’ हा आधारही कच्चा आहे. तबकडीची जी जागा खरवडली, तिथलं कुणालाच काही काढता येत नाही. एसएसडीवर डिलीट झालेली जागा डिस्क पुढे स्वतःच साफ करून टाकते. आणि कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलेल्या डिस्कची किल्ली हरवली, तर डिस्क धडधाकट असूनही निरुपयोगी.

मग करायचं काय? छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम पायाभूत मानावा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. एक्स्टर्नल डिस्क काम झालं की काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) मशीनबरोबरच कुलूपबंद करतं. पण हा नियम रिस्टोअरवाचून, म्हणजे प्रतीतून माहिती परत आणून पाहिल्यावाचून, अपुरा आहे. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर, वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करावा आणि शेवटचं व्हाउचर दिसतं का ते पाहावं. फोटोंमधले जुन्यातले, मधले आणि अलीकडचे उघडावेत. हे करताना मूळ मशीन बंद ठेवावं, म्हणजे पासवर्ड फक्त त्यातच होता का, तेही कळतं. बॅकअप घेणारा आणि तपासणारा ही माणसं शक्यतो वेगळी असावीत.

एवढा वेळ कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. सगळ्या फाइली सारख्या मोलाच्या नसतात. सिनेमे गेले तर पुन्हा मिळतील. गिऱ्हाइकाच्या लग्नाचे फोटो, पक्षकाराचे हिशेब, विद्यार्थ्याचा प्रबंध पुन्हा मिळत नाहीत. लोकांनी विश्वासाने सोपवलेली ही माहिती आहे आणि ती जपणं हा आपल्या कामाचाच भाग आहे. म्हणून ऑफिसात बॅकअपच्या तारखेशेजारी रिस्टोअरची तारीख आणि करणाऱ्याचं नावही लिहायला लावा. तो रकाना रिकामा असेल, तर आपल्याकडे बॅकअप नाही, असंच धरून आजच कामाला लागा.