बनियनवरचा दादा

कमाटीबागेतल्या संग्रहालयात गेला नाही असा बडोदेकर मराठी माणूस मला अजून भेटायचाय. पाहुणे आले की आपण त्यांना तिकडे नेतो, देवमाशाचा सांगाडा दाखवतो, ममी दाखवतो, मुलं कुरकुरायला लागली की बागेत भेळ खाऊ घालतो आणि रिक्षा करून घरी. त्याच संग्रहालयाला लागून सयाजीराव महाराजांच्या वेळेपासून जमवलेल्या युरोपातल्या चित्रांचं दालन आहे. तिथं मात्र आपला चालण्याचा वेग एकदम वाढतो. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू, मी स्वतः चाळीस वर्षं तिथून भरभर चालत आलेय. "आपल्याला काय कळतंय त्यातलं" हे वाक्य आमच्या घरात पिढीजात आहे, देवघरातल्या टाकांसारखं.

यंदा मला एका भिंतीसमोर दीड तास उभं राहावं लागलं. त्या भिंतीवर आमचंच घर होतं.

माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, फाइन आर्ट्समध्ये पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्षाअखेरीला तिथं मुलांचं काम त्यांच्या त्यांच्या स्टुडिओत मांडतात, परीक्षक बघून जातात आणि मग कुणीही जाऊन पाहू शकतं. तिकीट नाही, बूट काढायचे नाहीत, कुणी "काय कळलं?" असं विचारत नाही. तुमच्यापैकी कितीजण गेलाय? सयाजीगंजात सेव-उसळ खायला जाता ना, तिथून जवळच आहे.

दादा कधी गेला नव्हता. चार वर्षं त्यानं फी वेळेवर भरली, रंगांचे पैसे दिले, पावसात तिला स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडलं, पण फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. बारावी कॉमर्सनंतर मुलगी सीए करणार हे त्यानं गृहीत धरलं होतं. तिनं फाइन आर्ट्सचा फॉर्म भरला आणि घरात दोन महिने "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच बोलणं उरलं. तेव्हा मी मध्यस्थी करायला गेले होते. दादाला म्हटलं, अरे, भूपेन खख्खर सीएच होते की. जन्म मुंबईतला, १९३४ चा, शिकून हिशेबनीस झाले, १९६२ मध्ये बडोद्याला आले ते कायमचे. दिवसातला काही वेळ एका कारखान्याचे हिशेब बघायचे आणि उरलेला दिवस चित्रं. आज त्यांचं काम लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

दादानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आधी सीए झाले ना? मग हिलाही आधी होऊ दे."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

पण खख्खरांनी काय रंगवलं ते बघा. घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी. 'जनता वॉच रिपेअरिंग' हे १९७२ चं चित्र आहे. आपण ज्याच्याकडे पट्टा बदलायला जातो आणि ज्याच्या चेहऱ्याकडे कधी बघत नाही, तो माणूस त्यांनी भिंतीवर आणला. १९८१ मध्ये त्यांच्यासह सहा चित्रकारांनी मुंबई आणि दिल्लीला एक प्रदर्शन भरवलं, 'प्लेस फॉर पीपल'. नावातच सगळं आलं, माणसांसाठी जागा. आपले गुलाममोहम्मद शेख त्यात होते, नलिनी मालानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी होते आणि ठाण्याचे सुधीर पटवर्धन. पटवर्धनांची कथा दादाला आवडण्यासारखी होती, कारण ते रेडिओलॉजिस्ट. दिवसभर माणसांचे एक्स-रे बघायचे आणि मग तीच माणसं, कामगार, लोकलमधली गर्दी, रंगवायला बसायचे. कितीतरी वर्षं त्यांनी दोन्ही केलं.

पटवर्धनांचं मुंबईतलं मोठं प्रदर्शन मी २०२० च्या जानेवारीत भाचीला घेऊन पाहिलं होतं, नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. तेव्हा ती शाळेत होती. मी तिथंही वेग वाढवायच्या बेतात होते, पण ती एका मोठ्या चित्रातल्या गर्दीसमोर थांबली ती हलेचना. मला म्हणाली, "आत्या, या लोकांना विचारलं असेल का ग?" मी म्हटलं, "काय विचारायचंय, रस्त्यावरची माणसं ती." तिनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, एवढं मला दिसलं. नंतर वडापाव खाताना मी विसरले.

तर या एप्रिलमध्ये वहिनीनं दादाला सांगितलं, "शेवटचं वर्ष आहे. तुम्ही आला नाहीत तर मीही जाणार नाही." दादा इस्त्रीचा सदरा घालून निघाला. मी बरोबर होते, न जाणो काही झालं तर.

भिंतीवर पाच चित्रं होती, फार मोठी नाहीत. पहिल्यात आमचा ओटा, त्यावर उलटी घातलेली भांडी. दुसऱ्यात झोपाळा, त्यावर कुणीच नाही, पण एका बाजूची कडी झिजलेली. ती बाजू आमच्या वडिलांची. तिसऱ्यात जेवणाचं टेबल आणि टेबलाभोवती आम्ही सगळे, प्रत्येकाच्या तोंडावर खालून मोबाइलचा निळसर उजेड. मधोमध पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये आमचा न्यू जर्सीचा धाकटा भाऊ, आणि गंमत म्हणजे त्या सगळ्यांत समोर बघणारा तो एकटाच. मी त्यात पोळी मोडता मोडता फोन बघतेय. हे खोटं आहे असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

चौथ्या चित्रासमोर दादा थांबला.

पहाटेची वेळ. स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट. दादा बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात जमिनीवर बसलाय. समोर आईचा औषधांचा आठवड्याचा डबा, सात कप्प्यांचा, आणि तो चश्मा कपाळावर चढवून गोळ्या मोजतोय. गोळ्यांची पाकिटं त्यानं पत्त्यांसारखी रांगेत मांडलीयत. बँकेत नोटा मोजताना बसायचा तसाच बसलाय, पाठीला थोडा बाक काढून. पण चेहरा बँकेतला नव्हता. तो मी कधी पाहिलेला नव्हता.

मला तर हेही माहीत नव्हतं की डबा तो भरतो. मी समजत होते वहिनी भरते. वहिनी म्हणाली, "आई पडल्या ना, तेव्हापासून हेच भरतात. पाच वाजता उठून. मला हात लावू देत नाहीत."

दादा पुष्कळ वेळानं बोलला, आणि काय बोलला तर, "निदान सदरा तरी घालायचास."

भाची हसली. मीही हसले. शेजारी एक मध्यमवयीन गुजराती बाई उभ्या होत्या, कुणाच्या तरी आई असाव्यात. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग दादाकडे, आणि म्हणाल्या, "आ तो मारा बापुजी जेवा ज छे." दादानं एकदम सदऱ्याची कॉलर नीट केली. बाई पुढे सांगू लागल्या की त्यांचे वडीलही असेच गोळ्या मोजायचे, पण स्वतःच्याच, आणि तरीही रोज चुकायचे. दादा त्यांना डब्यावर वार कसे लिहायचे ते समजावू लागला. पाच मिनिटं दोघं रक्तदाबाच्या गोळ्यांवर बोलत होते. गॅलरीत असलं बोलणं चालतं का, मला ठाऊक नाही. चाललं.

पाचवं चित्र आईचं होतं, आणि तिथं दादाचा चेहरा बदलला.

आमची आई आता ब्याऐंशीची. गेली तीन वर्षं तिला फारसं आठवत नाही. कधी मी तिची बहीण असते, कधी शेजारीण. ज्या बाईनं आयुष्यभर अंबाडा घातल्याशिवाय दार उघडलं नाही, ती या चित्रात खिडकीशी केस मोकळे सोडून बसली होती. पांढरे, विरळ, खांद्यावर पसरलेले. नजर कशावरच नाही. चित्र चांगलं होतं. चांगलं होतं म्हणूनच बघवत नव्हतं.

दादानं आवाज न चढवता विचारलं, "आजीला विचारलंस?"

"विचारलं, बाबा. रोज विचारायचे. ती रोज हो म्हणायची."

"आणि?"

"आणि रोज विसरायची. म्हणून दुसऱ्या दिवशी परत विचारायचे."

"मग ते हो धरायचं का?"

ती गप्प राहिली. मला मुंबईतली ती गर्दी आठवली आणि माझं बेफिकीर उत्तरही. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं. आईला कळतं तेव्हा तिनं हे चित्र बाहेर लावू दिलं असतं का? माझ्या मते नाही. पण मग आईचं हे आताचं असणं कुणी कधी बघायचंच नाही का? आम्ही तर पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवतो. तिला त्रास नको म्हणून, असं आम्ही सांगतो.

खख्खरांचं एक प्रसिद्ध चित्र आहे, १९८१ चंच, 'यू कान्ट प्लीज ऑल'. गच्चीत एक उघडा माणूस पाठमोरा उभा आहे आणि खाली बाप, मुलगा आणि गाढव यांची आपल्या लहानपणची गोष्ट चाललीय. उघडा माणूस म्हणजे ते स्वतःच. आपलं समलिंगी असणं त्यांनी चित्रांतून उघडपणे मांडलं ते याच सुमारास, याच शहरात, शेजारीपाजारी सगळे ओळखत असताना. स्वतःला उघडं काढणं हे धाडसाचं, यात वाद नाही. दुसऱ्याला काढणं ही गोष्ट वेगळी आहे, आणि घरच्यांना काढणं त्याहून वेगळी. तुम्ही मुलं रोज घरच्यांचे फोटो, रील टाकता. आजोबांचं बोळकं, आईची चिडचिड, सगळं. त्यापूर्वी कुणी रोज विचारतं का? माझ्या भाचीनं विचारलं होतं, एवढं तिच्या बाजूनं मी दादाला म्हटलं. दादा म्हणाला, "मला कळलं ते. तरी पण."

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. पण हे गप्प बसणं चार वर्षांपूर्वीच्या त्या दोन महिन्यांसारखं नव्हतं. घराजवळ आल्यावर दादानं विचारलं, "त्या बनियनचा पिवळट रंग कशानं केलास?" आणि तिनं सांगितलं. पांढऱ्यात काय काय मिसळावं लागतं हे तो हिशेब तपासल्यासारखा ऐकत होता.

प्रदर्शन संपल्यावर एका गृहस्थांनी आईचं चित्र विकत मागितलं. किंमतही बरी सांगितली. भाचीनं दादाला विचारलं, तो म्हणाला, "चित्र तुझं आहे, मला काय विचारतेस?" ती म्हणाली, "आजी तुमची आहे." शेवटी तिनं ते विकलं नाही. गोळ्यांचं मात्र विकलं, आणि दादा आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की आपण बनियनवर कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसलोय.

आईचं चित्र घरी आलं तेव्हा मी तिथंच होते. कुठं लावायचं ते ठरेना, म्हणून तात्पुरतं झोपाळ्याला टेकवून ठेवलं. आई समोरच्या खुर्चीत होती. तिनं चित्राकडे बराच वेळ बघितलं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

"ही कोण ग?" तिनं मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "कुणाची का असेना. केस बघा तिचे. कुणीतरी विंचरून द्या रे."

दादा उठला आणि फणी शोधायला लागला.