अर्थिंगच्या खड्ड्यात डोकावणार कोण?

पेट्रोल थोडे कमी भरले असा नुसता संशय आला, तरी बुलढाणा जिल्ह्यातला माणूस पंपावर पाय रोवून उभा राहतो. ‘झिरो दाखवा’ म्हणतो, पाच लिटरचे माप मागतो, फिल्टर पेपर मागतो, तक्रारवही मागतो. मागितलेच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. पण ज्या फरशीवर उभा राहून तो हा वाद घालतो, तिच्याखाली हजारो लिटर पेट्रोल आहे. त्या टाकीचे अर्थिंग शेवटचे कधी तपासले, आकडा किती आला, हे विचारणारा ग्राहक आम्ही पाहिलेला नाही. असा प्रश्न सभागृहात लावून धरणारा लोकप्रतिनिधीही आमच्या पाहण्यात नाही. मापातल्या पापावर आरडाओरडा होतो आणि जिवावर बेतणाऱ्या ढिलाईबद्दल साधे निवेदनही निघत नाही!

कायदा मुका नाही. पेट्रोलियम नियम, 2002 स्पष्ट सांगतात, की पेट्रोलच्या टाकीला जमिनीशी जोडणाऱ्या दोन स्वतंत्र जोडण्या हव्यात, त्याही टाकीच्या समोरासमोरच्या टोकांना. जमिनीकडे जाणाऱ्या वाटेचा रोध 7 ओहमच्या वर जाता कामा नये आणि जोडकामातला रोध 2 ओहमच्या आत हवा. जाणकार माणसाकडून वर्षातून किमान एकदा तपासणी आणि तिची लेखी नोंद, हेही त्यातच आहे. हे नियम राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय परदेशात नाही, दिल्लीतही नाही. ते आपल्या विदर्भात, नागपुरात आहे. मग अडते कुठे? नोंदवही कपाटात राहते आणि कपाटाची किल्ली मॅनेजरच्या खिशात राहते, तिथे अडते.

पेट्रोल म्हणजे काय चीज आहे, हे आधी नीट समजून घ्या. पाणी गोठून दगड होईल अशा, उणे 40 अंशांच्या आसपासच्या थंडीतही त्याची पेटण्याजोगी वाफ सुटते. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, म्हणून वर उडून जात नाही. फरशीलगत सरपटते, गटारात उतरते, खड्ड्यात साचते. हवेत तिचे प्रमाण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान आले, की पेटायला एक मिलिज्यूलहूनही कमी ऊर्जेची ठिणगी पुरते. नायलॉनचा शर्ट काढताना अंगाला जो चटका बसतो, तेवढासुद्धा पुरतो. आणि वीज फक्त महावितरणच्या तारेतूनच येते असे थोडेच आहे? नळीतून आणि फिल्टरमधून जोराने वाहणारे पेट्रोल स्वतःच भार गोळा करत जाते. त्या भाराला जमिनीत उतरायला वाट दिली नाही, तर तो स्वतःची वाट काढतो.

ही वाट आपल्या जिल्ह्यात कशी बुजते, ते पाहा. घाटावर, म्हणजे चिखली, मेहकर, लोणार भागात, हातभर खणले की मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. अशा जमिनीत वीज सहजी मुरत नाही. घाटाखाली काळी कसदार माती. पावसाळ्यात ती विजेला झटकन वाट देते, पण वैशाखात तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध चढत जातो. आणि पूर्णाकाठचा खारपाण पट्टा? शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा इथल्या खाऱ्या मातीत आकडा छान येतो, पण तीच माती जस्ताचा मुलामा खाऊन आतला लोखंडी पाइप पोखरते. म्हणजे आज कागदावर उत्तम असलेले अर्थिंग काही वर्षांत मातीतच संपलेले असू शकते. एकाच जिल्ह्यात जमीन तीन तऱ्हांनी घात करते. आणि तपासणी कधी करायची? आम्हाला विचाराल तर मे महिन्यात, जमीन सर्वांत वाईट अवस्थेत असताना. श्रावणात रोध मोजायचा अर्थ-मेगर लावून मिळवलेला गोड आकडा वैशाखात कुणाला वाचवणार आहे?

आता कोणत्याही पंपाच्या कडेला असलेल्या त्या सिमेंटच्या झाकणाकडे जा आणि ते उचलून पाहा. आत पाणी ओतायचे नरसाळे, जस्ताचा पाइप, त्यावर क्लॅम्प, क्लॅम्पला बोल्टने घट्ट बसवलेली पट्टी. भोवतीची माती ओलसर हवी, बोल्ट स्वच्छ हवा, झाकणावर तपासणीची तारीख आणि ओहमचा आकडा हवा. त्याऐवजी जिथे गुटख्याच्या पुड्या, कोरडी ठणठणीत माती आणि हाताने फिरणारा गंजका बोल्ट दिसेल, तिथे अर्थिंग नाही असे खुशाल समजा. रंगरंगोटी करताना पट्टीच्या सांध्यावरही ऑइलपेंट फासला जातो. साहेबांच्या भेटीच्या दिवशी पंप चकचकीत दिसतो आणि धातूचा धातूशी संबंध त्या रंगाखाली तुटलेला असतो!

टँकर रिकामा करण्याची वेळ सर्वांत नाजूक. व्हॉल्व्ह उघडण्याआधी टँकरच्या अंगाला अर्थिंगचा चिमटा लागलाच पाहिजे, तोही उघड्या धातूवर. चाकांना ओट लावायची, अग्निशामक जवळ ठेवायचा, भोवतीची गाड्यांची ये-जा थांबवायची, टाकीत डिप रॉड घालण्याआधी पेट्रोल स्थिरावू द्यायचे. यातले एकही काम खर्चाचे नाही. पण रात्री दोनला टँकर येतो, ड्रायव्हरला पुढची खेप गाठायची असते, पंपावर एकटा पोरगा पेंगत असतो आणि चिमटा खिळ्यालाच टांगलेला राहतो. त्या पोराला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांना आम्ही विचारतो: त्याला कुणी शिकवले? अंगात सुती गणवेश कुणी दिला? आग लागली तर इमर्जन्सी बटण कुठे आहे, हे त्याला कुणी दाखवले? सर्वांत कमी पगाराच्या माणसाला सर्वांत मोठ्या धोक्यापाशी उभे करायचे आणि त्याला धोक्याचे नावही सांगायचे नाही, हा माणुसकीशी द्रोह आहे.

गिऱ्हाइकालाही आम्ही सोडणार नाही. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागणारे आपणच. पिकअपच्या हौद्यात ठेवलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये वरूनच धार सोडायला लावणारेही आपणच. प्लास्टिक भार सोडत नाही. हौद्यात ठेवलेल्या डब्यातला भार जमिनीपर्यंत पोहोचत नाही. डबा धातूचा हवा, तो जमिनीवर ठेवलेला हवा आणि नोझल त्याच्या तोंडाला टेकलेले हवे. अमेरिकेत पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पेट्रोल भरतानाच्या शंभराहून अधिक आगींची छाननी केली, तेव्हा मोबाइलमुळे लागलेली आग त्यात आढळली नाही. बहुतेक ठिकाणी माणसाच्या अंगावरच्या स्थिर विजेकडे बोट गेले. मोबाइलबंदीचा नियम पाळावाच. पण मोबाइलवर फुली मारलेली पाटी लावायची, तिच्याच शेजारी क्यूआर कोड चिकटवायचा आणि अर्थिंगचा आकडा मात्र कुठेच लावायचा नाही, याला सुरक्षा म्हणत नाहीत.

या जिल्ह्याला आग नवी नाही. 1 जुलै 2023 च्या पहाटेपूर्वी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसे जळून गेली. त्या बसमध्ये डिझेल होते, पेट्रोलच्या मानाने पेटायला जड. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर अजस्र होर्डिंग कोसळले, 17 जीव गेले, आणि मग राज्यभर होर्डिंग मोजायला सरकार धावले. आधी माणसे मरू द्यायची आणि मग टेप घेऊन निघायचे, ही पद्धत आम्हाला मान्य नाही.

विचारायला जावे तर प्रत्येकाकडे दुसऱ्याचे नाव तयार असते. पंपचालक तेल कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी ‘पेसो’कडे, वैधमापनवाले म्हणतात आम्ही फक्त माप पाहतो, पुरवठा विभाग म्हणतो आम्ही फक्त साठा पाहतो, विद्युत निरीक्षकांचे कार्यालय म्हणते मनुष्यबळ नाही. पण पंपाच्या जागेला ना हरकत प्रमाणपत्र देतात ते जिल्हाधिकारी. ज्यांच्या सहीने पंप उभा राहिला, त्यांना त्या पंपाच्या जमिनीखाली काय चालले आहे हे विचारण्याचा अधिकार आहे आणि विचारणे हे त्यांचे कर्तव्यही आहे.

आमची मागणी एका फलकाची आहे. मलकापूरपासून देऊळगावराजापर्यंत प्रत्येक पंपावर, भावफलकाच्या शेजारी, मराठीत आणि ठळक अक्षरांत अर्थिंग तपासल्याची तारीख, प्रत्येक खड्ड्याचा ओहममधला आकडा आणि तपासणाऱ्याचा परवाना क्रमांक लिहिलेला असावा. तपासणी मे महिन्यातलीच असावी. फलकाला खर्च किती? एका टँकरच्या एका फेरीच्या डिझेलइतकासुद्धा नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी हा आदेश उन्हाळ्याआधी काढावा, तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून काढावा. जून उजाडल्यावर आमचे वार्ताहर तेराही तालुक्यांतले पंप फिरतील आणि ज्या पंपावर आकडा नसेल, त्याचे नाव याच पानावर छापले जाईल.