आरोग्य-विचार : सकाळचें छातींतील दुखणें

अकोल्याहून एक भगिनी विचारितात : “झोपेंत श्वास अडतो म्हणून मामंजी रात्रीं सीपॅप यंत्र लावतात. हल्लीं सकाळीं उठतांच त्यांच्या छातींत दुखतें. ‘वायु आहे’ म्हणून ते डॉक्टरांकडे जात नाहींत. यंत्र बंद करावें काय?”

यंत्र आपल्या मनानें बंद करूं नये. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेला हा उपाय दाबाच्या हवेनें घसा उघडा ठेवतो. ती हवा गिळली गेल्यास पोट फुगून छातींत दुखूं शकतें. परंतु अशा रोग्यांस हृदयविकाराचाहि धोका अधिक असतो. म्हणून आधीं डॉक्टरांकडून ई.सी.जी. काढवून हृदय तपासावें, मग यंत्राचा दाब पाहावा. दुखणें थांबेना, घाम सुटला वा धाप लागली, तर तत्काळ १०८ क्रमांकास फोन करावा. तेव्हां मामंजींचें म्हणणें मोडण्यास कचरूं नये.