१ जूनची मुले

आमच्या पिढीतल्या ग्रामीण महाराष्ट्राचा सामुदायिक वाढदिवस १ जून हा आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला मुलाची जन्मतारीख ठाऊक नसे. ‘सुगीच्या दिवसांत झाला’ एवढेच तो सांगे. मग गुरुजी शाळाप्रवेशाला वय जुळेल अशा बेताने दाखल्यावर १ जून लिहून टाकत. शिरूर तालुक्यातल्या निमोण्याच्या पारावर माझ्या वयाची पाचदहा माणसे एकत्र बसवली, तर त्यांतल्या एकदोघांची तरी कागदावरची तारीख हीच निघेल. आता जन्मदाखले वेळेवर मिळतात, ही प्रथा मागे पडली. प्रथेमागची वृत्ती मात्र मागे पडलेली नाही. मूल समोर उभे असताना त्याच्याकडे न पाहता रकाना भरून मोकळे होणे, ही ती वृत्ती. सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाच्या निमित्ताने तिचे जे दर्शन आपल्याला घडले, त्याविषयी मला बोलायचे आहे.

ही स्पर्धा ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात भारतात झाली. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, मडगाव आणि नवी मुंबई अशा सहा ठिकाणी सामने झाले. १ जानेवारी २००० रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांनाच प्रवेश होता. आणि या स्पर्धेत केवळ कागदावर विश्वास ठेवला जात नाही. २००९ पासून मुलांच्या मनगटाच्या हाडाची एमआरआय तपासणी होते. आमच्या गुरुजींच्या १ जूनला तिथे काही किंमत नाही.

स्पर्धेच्या आधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्र शासनाने ‘मिशन वन मिलियन’ साजरे केले. एकाच दिवशी राज्यातल्या दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळायचा, असा तो संकल्प. मी मराठीचा अध्यापक असल्यामुळे आधी नावापाशीच अडखळलो. ज्या भाषेत लाख आहे, कोटी आहे, तिथे ‘मिलियन’ कोणासाठी? ज्या मुलांना खेळायला लावायचे त्यांच्या आज्याला हा शब्द कळणार नव्हता. हे नाव मुलांसाठी ठेवलेलेच नव्हते. ते बातमीसाठी होते. केंद्राच्या योजनेचे नाव ‘मिशन इलेव्हन मिलियन’. तिथे एक कोटी दहा लाख मुले. आकडा वाढला, दृष्टी तीच.

त्या दिवशी मी आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत होतो. कोणती ते सांगत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नाही. नवा चेंडू आला होता. मुले रांगेत उभी राहिली, प्रत्येकाने एकेकदा लाथ मारली, छायाचित्रे निघाली, ती वर पाठवली गेली. दुपारी चेंडू कपाटात गेला. नकाशे, विज्ञानाच्या काचेच्या नळ्या आणि हजेरीची जुनी पुस्तके यांच्या शेजारी. सहावीतल्या एका मुलाने विचारले, “सर, उद्या पण आहे का?” उद्या नव्हता. उद्या घटक चाचणी होती.

कोणी म्हणेल, सुरुवात कुठून तरी व्हायला हवी. मान्य. पण सुरुवात आठ वर्षांपूर्वीच कायद्याने करून दिलेली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे लिहिलेले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असेही लिहिलेले आहे. ही दोन कलमे मनापासून राबवली असती, तर कोणत्याही मिशनची गरज पडली नसती. पण मैदान राखणे आणि निदेशकाला दरमहा वेळेवर मानधन देणे याचे छायाचित्र निघत नाही.

दुसरा आक्षेप गरिबीचा. ज्या नवी मुंबईत आपण टाळ्या वाजवायला गेलो, तिथेच २५ ऑक्टोबरला मालीची मुले स्पेनविरुद्ध उपान्त्य सामना खेळली. ती १–३ अशी हरली. त्याआधी २०१५ मध्ये हाच माली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. माली हा जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक. तेव्हा पैशाचे कारण आपण तरी पुढे करू नये.

तिसरा आक्षेप असा की, आपल्या मातीत हा खेळच नाही. हा आक्षेप घेणाऱ्याने कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावे कुस्तीच्या आखाड्याची, पण शाहू स्टेडियमवर ती फुटबॉलच्या संघांची म्हणून दुमदुमतात. संस्थानी काळापासून पेठांनी हा खेळ पोसला. तिथे कोणी मिलियन मोजले नाहीत. तालमीतल्या थोरल्याने धाकट्याला हाताला धरून मैदानावर नेले, एवढेच. २०१७ च्या भारतीय संघातला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. त्या एकवीस जणांत आणखी एक मराठी आडनाव होते, नमित देशपांडे; तो अमेरिकेत वाढलेला. एक पेठांच्या शहरातला, एक परदेशातला. मधल्या सगळ्या महाराष्ट्राच्या वाट्याचा रकाना कोरा. त्याच संघात एकट्या मणिपूरची आठ मुले होती. भारताचा त्या स्पर्धेतला एकमेव गोल ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केला, तोही मणिपूरचाच. भारत तिन्ही सामने हरला. हरण्याची लाज नाही. यजमान म्हणून आयता प्रवेश मिळाला होता, हे आपण पुरते विसरलो, याची आहे. २०२२ मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात हेच पुन्हा घडले. यजमानपद, तीन पराभव, गोलांचा हिशेब शून्य विरुद्ध सोळा. अंतिम सामना नवी मुंबईत झाला, स्पेन जिंकला, मांडव उतरला.

आता थोडे आपल्या अंगणाकडे पाहू. आमच्या भागाला खेळाचे वेड नाही असे कोण म्हणेल? बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली. त्यानंतर मोर्चे निघाले, कायदा बदलला, न्यायालयात वर्षानुवर्षे लढत दिली. २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला. शर्यतीच्या घाटासाठी लोक एवढे झटतात, याचे मला कौतुकच वाटते. पण शाळेच्या पटांगणासाठी यातल्या एकाही पुढाऱ्याने घसा कोरडा केल्याचे मी ऐकलेले नाही. बैलाचे वय आम्ही त्याचे दात पाहून अचूक सांगतो. पोराचे वय मात्र दाखल्यावरून.

निमोण्याच्या बाजूने पहाटे शिरूरकडे येताना उसाच्या कडेने धावणारी मुले दिसतात. सतरा-अठरा वर्षांची, फाटक्या बुटांची, काही अनवाणी. ती पोलीस भरतीसाठी धावत असतात. पाय मजबूत, छाती भरलेली, दम असा की पाहत राहावे. त्यांच्या पायांना आजवर चेंडू लागलेलाच नाही. सतराव्या वर्षी जगातली त्यांच्या वयाची मुले खेळत होती, तेव्हा ही पोटासाठी धावत होती. धावणे तेच, त्यातला खेळ तेवढा आम्ही काढून घेतला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. पुढची स्पर्धा कोणत्या शहरात भरेल याची चर्चा आपण काही काळ थांबवू. आपापल्या गावच्या शाळेत जाऊ, कपाट उघडायला लावू आणि तो चेंडू बाहेर काढू. त्यातली हवा गेली असेल. पंप मागू, मैदान मागू, निदेशक मागू. त्या मुलाने विचारलेल्या ‘उद्या पण आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर अजून आपल्याकडेच थकलेले आहे.