आधी उलटा फेरा

परवा आमच्या जुन्या मोटारीची हवा गाळणारी जाळी साफ करावयास मी स्वतःच बसलो. झाकणाच्या चार स्क्रूंपैकी दोन नुसतेच गरगर फिरू लागले. प्लॅस्टिकच्या भोकांतील आटे गेले होते. दोष माझाच. प्रत्येक वेळी 'आणखी थोडे' म्हणत मीच ते आवळीत आलो होतो.

झाकण सैल राहिले की हवा जाळीला टाळून फटीतून शिरते आणि सोबतची बारीक धूळ सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा झिजविते. मानपुरच्या घाटरस्त्यावर धुळीला काय तोटा!

हमरस्त्यावरील गॅरेजमधला माझा एक जुना विद्यार्थी आला. भोकात आगकाडी खुपसणारा माझा हात त्याने थांबविला. तुकडा आत पडला तर इंजिनाकडेच जायचा. एम-सीलही या प्लॅस्टिकला नीट धरीत नाही, असे तो म्हणाला. एका भोकात त्याने किंचित जाड स्क्रू बसविला. दुसऱ्याच्या कडेवर आटे असलेली पत्र्याची क्लिप सरकविली.

मग म्हणाला, "माट्साब, पहले उल्टा घुमाओ." स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवावा, 'टक्' करून तो जुन्या आट्यांत उतरला की मगच सुलटा, बेताने आवळावा.

पाढ्यांसाठी मी ज्याला फार आवळले आणि ज्याने नववीतच शाळा सोडली, तोच हा मुलगा. दुसऱ्या दिवशी गणितात अडलेल्या एका विद्यार्थ्याला मी पुढचा धडा दिला नाही. सातवीचे पुस्तक उघडावयास सांगितले.