सडू द्या ना!

फळांची सालं कचऱ्यात टाकायची की म्युझियममध्ये ठेवायची? हसू नका मित्रांनो, प्रश्न खरा आहे.

झोई लिओनार्ड या अमेरिकन कलावतीचा चित्रकार मित्र डेव्हिड वोनारोविच १९९२ मध्ये एड्सने गेला. त्या काळात तिचे असे बरेच मित्र गेले. तेव्हापासून १९९७ पर्यंत तिने संत्री, केळी, लिंबं, अव्होकॅडो अशा सुमारे ३०० फळांची सालं सुई-दोऱ्याने पुन्हा शिवली. कुठे बटण लावलं, कुठे चेन. आतला गर केव्हाच संपलेला, बाहेर नुसता फळाचा आकार! शिवून फळ परत येत नाही, हे तिलाही ठाऊक होतंच. ‘स्ट्रेंज फ्रूट’ ही कलाकृती तिने डेव्हिडला अर्पण केली. १९९८ मध्ये फिलाडेल्फियाच्या म्युझियमने ती घेतली. तिथे ही सालं जमिनीवर पसरून मांडतात.

खरी गंमत पुढे आहे. ख्रिश्चन शायडेमान या तज्ज्ञाने सालं गोठवून, रसायन मुरवून ती टिकवायचा उपाय शोधला. काही फळांवर तो करूनही झाला. आणि बाईंनी चक्क नाही म्हटलं! सुकणं, काळं पडणं, चुरा होणं हाच तर त्या कामाचा विषय.

माझ्या रूम पार्टनरच्या मते हा शुद्ध वेडेपणा. उपाय हाताशी असताना वस्तू सडू द्यायची? आपण इंजिनिअर लोक, गंज थांबवायचा कसा यावर परीक्षा देणारे! पूल टिकायलाच हवा, त्यावरून माणसं जातात. पण गेलेल्या माणसाची आठवण कशासाठी गोठवायची? रसायनात बुडवलेलं फळ म्हणतं, काही झालंच नाही. सुकलेलं साल निदान खरं बोलतं. माझ्या मते बाईंचंच बरोबर.

आमच्या घरी आजीच्या साड्या चार वर्षं कपाटात डांबराच्या गोळ्यांत पडून आहेत. कुणी नेसत नाही, कुणी हात लावत नाही. आजीचा वास कधीच गेला, आता फक्त गोळ्यांचा येतो. मी म्हणतो, कापा त्या, गोधडी शिवा, अंगावर घ्या. झिजेल, विरेल, फाटेल. तेवढे दिवस आजी वापरात तरी राहील.

यावरून दिवाळीच्या सुट्टीत आईशी भांडण ठरलेलं आहे. पण येताना एक गोधडी हॉस्टेलवर आणायचा विचार पक्का आहे.